डीजे शिकायचं तर तबकडीवर की लॅपटॉपवर?



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आम्हीही हसलो होतो. आमच्या बचत गटाच्या मासिक बैठकीत गटातल्या एका सुनेने कर्जाचा अर्ज ठेवला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, पिठाच्या गिरणीसाठीही नाही. अर्जात लिहिलं होतं, ‘डीजे शिकण्यासाठी व साहित्य घेण्यासाठी रुपये ६०,०००.’ वाचून दाखवणाऱ्या सचिवताई मध्येच थांबल्या. एक काकी म्हणाल्या, “अगं, त्या भिंतीएवढ्या पेट्या तू ट्रॅक्टरवर चढवणार का?”

ती शांतपणे म्हणाली, “काकी, पेट्या नाही चढवायच्या. गाणी लावायची. आपल्या हळदीला, आपल्या डोहाळजेवणाला. आपल्याला नाचता येतील अशी.”

मग मात्र हसू थांबलं. कारण मागच्या उन्हाळ्यातली एक हळद आम्हा सगळ्यांच्या लक्षात होती. मांडव बायकांनी भरलेला, पण गाणी ठरवणारा एक मुलगा, तोही बाहेरगावचा. आवाज एवढा की पाळण्यातलं लेकरू दचकून दचकून रडत होतं. आजेसासूबाई कान दाबून मागच्या खोलीत जाऊन बसल्या. आम्ही फुगडीला हात धरले की गाणं अर्ध्यात तुटायचं. “बाळा, जरा कमी कर,” म्हटलं तर तो म्हणाला, “पैसे तुम्ही दिलेत का?” त्या दिवशी आमच्याच अंगणात आम्ही पाहुण्यांसारख्या उभ्या होतो.

म्हणून अर्ज फेटाळला नाही. दोन महिने मागून घेतले आणि चौकशी केली. तालुक्याला लग्नात डीजे वाजवणाऱ्या एका भाऊंना विचारलं. शहरात जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्या एका काकांच्या घरी जाऊन बसलो. सुनेने लॅपटॉपवर करून दाखवलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

डीजे म्हणजे पेट्या नव्हेत

आपल्याकडे डीजे म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रॉलीवर रचलेल्या पेट्या येतात. पण डीजे हे माणसाला लावायचं नाव आहे. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे घोडेस्वार. तबकडीवर मांड ठोकून बसलेला माणूस तो डीजे. एकामागून एक गाणी अशी लावायची की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये, हे त्याचं काम. पेट्या भाड्याने देणं हा वेगळा धंदा आहे. त्याला भांडवल लाखांत लागतं, टेम्पो लागतो, उचलायला माणसं लागतात. डीजेला लागतात दोन गाणी एका वेळी वाजवता येतील अशी सोय, एक हेडफोन आणि शिकलेले कान.

ही कला आपल्यापर्यंत आली तिची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा भाग आहे. १९७३ साली तिथे गरीब वस्ती होती. ११ ऑगस्टच्या रात्री सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने आपल्या इमारतीतल्या सामाईक खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. कशासाठी, तर शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना तिकीट २५ सेंट, मुलग्यांना ५० सेंट. गाणी लावायला तिने आपल्या भावाला, क्लाइव्हला बसवलं. पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून जगभर ओळखला गेला. गाण्यात गायन थांबून नुसती वाद्यं वाजतात तो तुकडा आला की लोक सर्वात जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. पण तो तुकडा काही क्षणांचाच. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायची युक्ती काढली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. हिप-हॉप संगीताचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात.

नाव भावाचं झालं. पण जागा ठरवणारी, तिकीट लावणारी आणि खर्चाचा हिशेब जुळवणारी बहीण होती. आपल्या गटांना हे काम नवं नाही.

तबकडी कशी बोलते

आमच्यातल्या वयस्कर मावश्यांना लग्नातला रेकॉर्डवाला आठवतो. झाडावर कर्णा बांधायचा आणि मांडवाच्या कोपऱ्यात रेकॉर्डची पेटी घेऊन बसायचा. त्या काळ्या तबकडीवर बारीक चर असते, कडेपासून मधोमध जाणारी, गोल गोल, एकच सलग रेघ. आवाजाच्या लाटा त्या चरीच्या भिंतीत नागमोडी कोरलेल्या असतात. तबकडी फिरते, सुई त्या वळणांतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. पेट्या बंद करून सुईजवळ कान नेला तरी गाणं बारीक ऐकू येतं. आम्ही काकांच्या घरी ऐकलं.

अगदी जुन्या तबकड्या लाखेच्या असत. ज्या लाखेच्या आपण बांगड्या भरतो तीच लाख, दगडाची भुकटी घालून दाबलेली. त्या मिनिटाला ७८ फेरे घेत आणि एका बाजूला तीनेक मिनिटांचंच गाणं मावे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं असं मुद्रित झालं. भारतात तबकडीवर आलेल्या पहिल्या आवाजांत हा बाईचा आवाज आहे. गाणं संपल्यावर त्या स्वतःच आपलं नाव सांगत, कारण तबकड्या तेव्हा परदेशात छापल्या जात आणि आवाज कुणाचा हे तिथल्या कारागिराला कळायला हवं.

लाखेची तबकडी पडली की फुटायची. १९४८ साली व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची तबकडी बाजारात आली. ती मिनिटाला ३३ आणि वर एक तृतीयांश फेरे घेते, न फुटता वाकते आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त वाजते. डीजे लोक ‘व्हिनाइल’ म्हणतात ती हीच.

शिकायचं असतं ते नेमकं काय?

हे समजलं की निम्मा विषय समजला. आणि ते समजायला आपल्याला जातं पुरे.

दोघी जणी दळायला बसतात. एक दमली की तिसरी येते. ती काय करते? जातं थांबवत नाही. खुंटा फिरतच असतो. त्याच वेगात ती आपला हात त्यावर ठेवते, चार फेरे तिघींचे हात एकत्र फिरतात, मग दमलेली हात काढून घेते. दाणा थांबत नाही, ओवी तुटत नाही. डीजे हेच करतो. पहिलं गाणं वाजत असतं. दुसरं गाणं तो हेडफोनमध्ये एकट्याने ऐकतो, त्याचा वेग पहिल्याइतका करतो, ठोक्यावर ठोका पाडून ते हळूच आत सोडतो आणि पहिलं बाहेर काढतो. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. घड्याळ पुढे ठेवा, १५ सेकंद टाळी धरा, ठोके मोजा आणि चाराने गुणा. २५ ठोके आले तर वेग १००, २६ आले तर १०४. आता १०० चं गाणं १०४ च्या गाण्याला जोडायचं तर त्याचा वेग ४ टक्के वाढवायला हवा. यंत्रावर त्यासाठी एक सरकपट्टी असते. तबकडीच्या यंत्रावर ती बहुधा ८ टक्के वर आणि ८ टक्के खाली जाते.

इथे नेमकेपणा लागतो. एक गाणं १०० आणि दुसरं १०१ असलं तरी अर्ध्या मिनिटात ठोके अर्ध्याने चुकतात आणि गाढवं पळाल्यासारखा आवाज येतो. म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसतं ऐकणं, मोजणं आणि जुळवणं एवढंच करावं लागतं. सुनेने भांडी घासताना, भाकरी थापताना ठोके मोजले. तिच्या सासूबाई सांगतात, “आधी मला वाटलं पोरगी स्वतःशी बोलायला लागली.”

दुसरी गोष्ट आकड्यांची. बहुतेक नाचाची गाणी चार-चार ठोक्यांच्या घरात बसतात आणि आठ किंवा सोळा ठोक्यांनी काहीतरी बदलतं. कडवं सुरू होतं, ढोलकी वाढते. नवं गाणं त्या वळणावर आत सोडलं तर गोड लागतं, मधेच सोडलं तर ठेच लागते.

तिसरी गोष्ट जाड आवाजाची. दोन गाण्यांचे ढोल एकदम वाजले की गोंगाट होतो. म्हणून एकाचा जाड आवाज कमी करून मगच दुसऱ्याचा वाढवायचा. एका घरात दोन चुली पेटल्या तर धूर होणारच.

चौथी गोष्ट माणसं ओळखणं. कोण नाचतंय, कोण बसलंय, आज्यांना केव्हा उठवायचं, दमलेल्यांना केव्हा बसू द्यायचं. हे कुठल्याच यंत्रात नसतं. आणि मैत्रिणींनो, पंगतीत कुणाच्या पानात काय कमी आहे हे ज्या बाईला लांबून दिसतं, तिला हे शिकवावं लागत नाही.

तबकडीची बाजू

आता मुख्य प्रश्न. शिकायचं कशावर?

तबकडीवर शिकलेल्यांचे कान तयार होतात, हे सगळेच मान्य करतात. कारण तिथे मदतीला पडदा नाही, आकडे नाहीत. गाणं कुठे आहे हे कानानेच कळतं आणि ते हाताने धरता येतं. ग्रँड विझर्ड थिओडोर नावाचे डीजे आपल्या लहानपणची गोष्ट सांगतात. आवाज मोठा झाला म्हणून आई दारात येऊन ओरडली. ती काय म्हणते ते ऐकायला त्यांनी फिरती तबकडी हाताने धरली आणि पुढे-मागे हलवली. ‘खर्र-खर्र’ असा जो आवाज आला त्यातूनच स्क्रॅचिंगची कला निघाली. आईच्या ओरडण्यातूनही कधीकधी भलं होतं!

तबकडीचं डीजेचं यंत्र साध्या रेकॉर्ड प्लेअरसारखं नसतं. १९७२ साली जपानमध्ये टेक्निक्स एसएल-१२०० हे यंत्र निघालं. त्यात पट्ट्याऐवजी मोटर थेट तबकडीखाली असते, त्यामुळे तबकडी धरून सोडली की ती लगेच वेग पकडते. त्याचं उत्पादन २०१० मध्ये बंद झालं आणि मागणीमुळे २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. म्हणजे तबकडी मेलेली नाही.

पण आपल्या अंगणातल्या अडचणी पाहा.

पहिली अडचण पैशाची. यंत्रं दोन लागतात, वर मधला मिक्सर आणि सुया. आम्ही चौकशी केली तेव्हा चांगलं नवं यंत्र एकेक लाखाच्या घरात निघालं. नवी तबकडी एकेक दोन-तीन हजारांची. सुई झिजते आणि बदलावी लागते.

दुसरी अडचण गाण्यांची. आपल्याला हळदीला हवी असलेली नवी मराठी गाणी तबकडीवर फारशी निघत नाहीत. जुनी मिळतात, मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी, पण शोधावी लागतात आणि चरा गेलेली निघाली तर पैसे पाण्यात. शिवाय लाखेच्या जुन्या तबकडीला जाड सुई लागते. नव्या यंत्राची बारीक सुई तिच्यावर ठेवू नका, दोन्ही खराब होतात.

तिसरी अडचण जागेची. शंभर तबकड्या वेष्टनासकट वीस-पंचवीस किलो भरतात. त्या एसटीने न्यायच्या कशा? मांडवात ऊन लागलं की तबकडी वाकते, धूळ बसली की करकरते आणि शेजारी फुगडी रंगली की जमीन हादरून सुई उडते.

चौथी गोष्ट स्वराची. तबकडीचा वेग वाढवला की स्वरही चढतो. साधारण ६ टक्के वाढवलं की पेटीवर पांढऱ्या पट्टीवरून शेजारच्या काळ्या पट्टीवर गेल्यासारखं होतं. थोडं चालतं, जास्त झालं की गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवते.

लॅपटॉपची बाजू

डिजिटल म्हणजे गाणं आकड्यांत साठवलेलं. तबकडी नाही, सुई नाही. लॅपटॉपवर डीजेचा प्रोग्रॅम असतो. मिक्स नावाचा एक प्रोग्रॅम पूर्ण फुकट आणि उघडपणे वाटलेला आहे, तो घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पडद्यावर दोन तबकड्यांची चित्रं दिसतात आणि नुसत्या कळफलकावरही सराव करता येतो. नंतर हवं तर कंट्रोलर घ्यायचा. ही एक सपाट पेटी असते. तिच्यावर दोन चाकं, सरकपट्ट्या आणि बटणं असतात. शिकणाऱ्याला चालेल असा कंट्रोलर आम्हाला पंचवीस ते पस्तीस हजारांत दिसला. वजन दोन-तीन किलो, पिशवीत मावतो.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. लॅपटॉपमधून आवाज बाहेर पडायला सहसा एकच वाट असते. पण डीजेला दोन वाटा लागतात, एक पेट्यांकडे आणि एक हेडफोनकडे. कंट्रोलरमध्ये ही सोय असते. तो नसेल तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, ते जोडलं की दुसरी वाट तयार होते. हे न कळल्यामुळे सुनेचे पहिले आठ दिवस वाया गेले.

गाण्यांच्या फायलींचंही कळायला हवं. एमपी३ ही आवाज दाबून लहान केलेली फाइल. ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, हजार गाणी १२ जीबी. एका ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळं लग्नघर मावतं. १२८ केबीपीएसची फाइल मोबाइलवर बरी वाटते, पण मोठ्या पेटीवर पातळ ताकासारखी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेली गाणी तर लावूच नका. डब्ल्यूएव्ही ही न दाबलेली फाइल, मिनिटाला सुमारे १० एमबी. जागा जास्त खाते, पण आवाज पूर्ण असतो.

डिजिटलमध्ये वेग बदलूनही स्वर तोच ठेवता येतो. गाणारी बाई चिमणी होत नाही. आणि गाणी रेंजच्या भरवशावर ठेवू नका. मांडवात नेटवर्क जातं तेव्हा सगळे आपल्याकडेच बघतात. गाणी लॅपटॉपमध्ये ठेवा, त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये आणि दुसरी घरी.

आता त्या प्रसिद्ध बटणाबद्दल. जवळपास प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ‘सिंक’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की दोन्ही गाण्यांचा वेग यंत्रच जुळवतं. मग शिकायचं कशाला, असं आम्हीही विचारलं. सुनेने दोन गाणी लावून दाखवली. नवी, संगणकावर बनवलेली दोन गाणी बटणाने झटकन जुळली. मग तिने एक जुनं लोकगीत घेतलं, खऱ्या ढोलकीवाल्याने वाजवलेलं. बटण दाबलं, क्षणभर जुळलं आणि मग पाय अडखळावे तसे ठोके अडखळले. कारण सोपं आहे. माणूस घड्याळासारखा वाजवत नाही. रंगात आला की ढोलकीवाला किंचित पुढे जातो, गायिकेसाठी किंचित थांबतो. यंत्र मात्र सरळ आखलेल्या चौकटी धरून बसतं. आपली कोळीगीतं, जुन्या लावण्या, भारुडं बहुतेक अशीच हाताने वाजवलेली आहेत. तिथे कानच लागतो.

मधली वाट

दोन्हींच्या मधली एक वाटही आहे. खास तबकडी मिळते, तिच्यावर गाणं नसतं, फक्त एक खुणेचा आवाज असतो. ती फिरवली की लॅपटॉप त्या खुणेवरून ओळखतो की तबकडी कुठे आहे आणि किती वेगाने फिरते आहे, आणि आपल्या साठ्यातलं गाणं त्याप्रमाणे वाजवतो. हाताला तबकडी, पोटात डिजिटल. छान आहे. पण खर्च दोन्हीकडचा येतो, म्हणून ही पहिली पायरी नव्हे.

आम्ही काय ठरवलं

आमचं मत असं झालं. घ्यायचं ते डिजिटल, पण शिकायचं तबकडीवाल्यासारखं.

साठ हजार एकदम दिले नाहीत. पहिल्या बैठकीत ३,५०० रुपये दिले, हेडफोन आणि साउंड कार्डासाठी. लॅपटॉप घरातला, दिराच्या कॉलेजचा, रात्री रिकामा. तीन महिने सराव, आणि अट एकच, सिंकच्या बटणाकडे बघायचं नाही. तिने कळफलकावरच्या त्या बटणावर टिकली चिकटवली! शहरातल्या काकांनी दोन रविवार तिला आपल्या यंत्रावर हात ठेवू दिला. ती म्हणते, दोन रविवारांत जे कळलं ते महिनाभरात पडद्यावर कळलं नव्हतं. तेव्हा जवळपास कुणाकडे चालू यंत्र असेल तर जरूर जाऊन बसा. विकत घ्यायची गरज नाही.

तीन महिन्यांनी गटातल्याच एकीच्या अंगणात डोहाळजेवण होतं. दोन लहान पेट्या भाड्याने आणल्या. पहिला सांधा चुकला, सगळ्यांना कळला. तिचे हात थरथरत होते. एक मावशी ओरडल्या, “असू दे गं, पहिली पोळी अशीच फाटते!” पुढचे सांधे लागले. दोन तास फुगडी, झिम्मा, नाच, आणि शेजारच्या घरात बाळ झोपलेलं होतं ते झोपूनच राहिलं.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र आम्ही आधी ठरवलेली नव्हती. सुनेने आजेसासूबाईंची जात्यावरची ओवी आठवडाभर आधी मोबाइलवर मुद्रित करून ठेवली होती, खोलीचं दार लावून, पंखा बंद करून. ती तिने एका संथ ढोलकीवर बसवली आणि मधेच लावली. आजी खुर्चीवर बसलेल्या. स्वतःचा आवाज पेटीतून येतो आहे हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, “बाई, हे मीच की!” आणि पुढच्या ओळी त्यांनी बसल्या जागी म्हटल्या.

आमचा निर्णय तिथे पक्का झाला. १९०२ साली बाईचा आवाज तबकडीवर यायला सातासमुद्रापारची कंपनी यावी लागली. आज आपल्या आजीचा आवाज आपण आपल्या ओसरीवर मुद्रित करून आपल्याच मांडवात वाजवू शकतो. डिजिटलचा आपल्यासाठी खरा फायदा हा आहे.

दुसरं कर्ज तिला कंट्रोलरसाठी २८,००० रुपयांचं दिलं. बायकांच्या कार्यक्रमाला ती २,५०० रुपये घेते, पेट्यांचं भाडं वेगळं. लग्नसराईत तिला नऊ कामं मिळाली. हप्ता एकदाच चुकला, पावसाळ्यात काम नव्हतं तेव्हा. कर्ज देताना हे लक्षात ठेवा, हा हंगामी धंदा आहे. हप्ते हंगामाप्रमाणे बांधा.

कान आणि कायदा

शेवटी दोन गोष्टी, ज्या टाळून हा धंदा करू नये.

पहिली कानांची. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही कामगारांसाठी धरलेली सुरक्षित मर्यादा आहे. त्यापुढे आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. एक हात अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं की समजा, आवाज जास्त झाला. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डीजेने हेडफोन एका कानाला, थोडा वेळ आणि कमी आवाजात लावावा.

दुसरी कायद्याची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो लावता येत नाही. सरकार वर्षातले काही ठरावीक दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतं, तेवढेच. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती किमान १०० मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. गाण्यांच्या हक्काबद्दल म्हणाल तर प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. तिकीट लावून कार्यक्रम केला तर मात्र परवाना घ्यावा लागतो. आणि गाणी विकत घ्या. फुकट उतरवलेल्या गाण्यात आवाजही खराब आणि कलाकाराचा घासही बुडतो.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर हसून सोडू नका. अर्ज करणारीला चार प्रश्न विचारा. कुणासाठी वाजवणार? दोन गाणी कानाने जुळवता येतात का, की बटणानेच? पहिले तीन महिने उसन्या साहित्यावर काढशील का? आणि कुणी आवाज कमी कर म्हटलं तर काय करशील?

आमच्या सुनेने शेवटच्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. डोहाळजेवणात आजींनी नुसता हात वर केला, तिने लगेच पट्टी खाली घेतली. आम्हाला उत्तर मिळालं.

येत्या बैठकीत घड्याळ समोर ठेवून एखाद्या आवडत्या गाण्याचे ठोके सगळ्या जणी मिळून मोजून बघा. किती आले ते केंद्रावर कळवा.